दीर्घिकेच्या वरचा ठिपका

५ जानेवारी १९९३, जळगाव
संकल्प: पीएच.डी. यंदा संपवायचीच. नोंदणीला नऊ वर्षं झाली, पण संशोधनात घाई चालत नाही. विषय: चपट्या दीर्घिकांच्या प्रतलाच्या वर सापडणारे तारे आणि आयनित वायू. म्हणजे भाकरी कडेने बघायची आणि तिच्यावरची वाफ मोजायची. वर्गात हे सांगितलं. कोणी हसलं नाही.

११ जानेवारी
पुण्याहून मित्राने दीर्घिकेचा फोटो पाठवला. कडेने घेतलेला. दीर्घिकेच्या बरंच वर एक फिकट ठिपका. वायू! नवे तारे! पुण्यात कोणाच्याच लक्षात आला नाही. मित्राला लगेच पत्र टाकलं. वना शिपायाला फोटो दाखवला. म्हणाला, "सर, यानावर काही सांडेल शे का?" फोटोवर काही सांडलंय का, म्हणे! वनाला दाखवलं हेच चुकलं.

१३ जानेवारी
प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी धुळ्याच्या कॉलेजात माझं भाषण ठरवलं, १२ फेब्रुवारीला. पेपरातही देऊ म्हणाले. मी नको म्हणालो, पण हळू.

२० जानेवारी, दुपार
तृतीय वर्षाच्या वर्गात फोटो फिरवला. कुसुमलता उभी राहिली. भांड्यांचे व्यापारी दलिचंद शेठ यांची मुलगी. "सर, हा साध्या प्रकाशातला फोटो आहे. असा वायू दिसायला हायड्रोजनच्या लाल रेषेचा फिल्टर लागतो ना? आणि त्याच दीर्घिकेच्या दुसऱ्या फोटोप्लेटवर हा ठिपका आहे का?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणालो, "तुला फिजिक्स कधीच जमणार नाही. बस खाली." वर्ग हसला. शिस्त राहायलाच हवी.
 

२ फेब्रुवारी
मित्राचं उत्तर. दुसऱ्या प्लेटवर ठिपका नाही. फोटो धुताना पडलेला डाग.
पत्र कपाटात. कुलूप. आता भाषण रद्द केलं तर प्राचार्यांची नाचक्की. केवळ त्यांच्यासाठी जाणार.

१२ फेब्रुवारी, रात्र
धुळ्यात टाळ्या. हार. प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा फोटो घाईने पाकिटात घातला. कोणी विचारला नाही. परतताना पारोळ्यापर्यंत हार गळ्यातच होता. काढायचं सुचलं नाही.

१ मार्च
कुसुमलता वर्गातल्या त्या दिवसापासून आलेली नाही. हजेरी घेताना सतरा नंबरला अडखळतो. उद्या दुकानात जाऊन तिच्यासमोर चूक कबूल करायची.

२ मार्च
पाय मुरगळला. थोडा.

५ मार्च
शेठजी गर्दीत असतील. सोमवारी नक्की.

८ मार्च
गेलो. दलिचंद शेठनी गादीवर बसवलं. कुसुमलता चहा घेऊन आली.
शेठजी म्हणाले, "उपकार झाले सर. हिला पुण्याला एम.एस्सी. करायचं होतं, मी तर पाठवणारही होतो. पण सरच म्हणतात जमणार नाही, मग कशाला? कॉलेज बंद केलं."
 तरी बोललो. म्हणालो, "शेठजी, ती बरोबर होती. चूक माझी होती. तो ठिपका खोटाच होता."
शेठजींनी हात जोडले. "बघ बेटा! एवढे मोठे सर, आणि तुझं मन राखायला स्वतःवर घेतात!"
कुसुमलता माझ्याकडे बघत उभी राहिली. 
मी कप उचलला. म्हणालो, "चहा छान झालाय."