चार दिवसांची पाहुणी

८ जानेवारी

प्रिय अगं,

अनेक आशीर्वाद. वि. वि. मी खुशाल आहे. बर्फामुळे रसदीची गाडी अडकली होती, म्हणून पत्राला उशीर झाला. त्यावर रागावू नकोस. रागवायला पुढे चांगलं कारण आहे.

पगार कार्यालयाची नोटीस आली आहे. तू छावणीतल्या क्वार्टरमध्ये माझ्याकडे राहिलीस ना, त्या सगळ्या दीड वर्षात मला घरच्यांपासून लांब राहणाऱ्या जवानाचा भत्ता मिळत राहिला. लांब कसली, तू तर हातभर अंतरावर बसून माझ्या मोज्यांच्या नावाने ओरडत होतीस. हिशेब तपासणाऱ्यांना हे आत्ता सापडलं. चूक कार्यालयाची झाली असं त्यांनीच लिहिलंय, पण पैसे परत मागितलेत. आकडा सांगत नाही, तुझी झोप उडेल. तुझं शिलाई मशीन तीन वर्षं अखंड चाललं तरी फिटायचा नाही.

यातून दोन वाटा आहेत. चूक सरकारची असेल आणि जवानाने काही लपवलं नसेल, तर अर्ज केल्यावर वसुली माफ होऊ शकते म्हणतात. नाहीतर या चौकीवर आणखी दोन वर्षं थांबायला सही करायची. इथे भत्ता जास्त, त्यातून पैसे वळते होतील. सही फेब्रुवारी संपायच्या आत हवी. नाही केली तर बर्फ वितळल्यावर माझी खाली बदली ठरलेलीच आहे. माझं मन सहीकडे झुकतंय. माफी मागायला मी काय केलंय, हेच मला कळत नाही.

बाबांना नमस्कार सांग. रागासकट लोभ चालू ठेव.

तुझा,
गाड्यांखाली आयुष्य काढणारा मेकॅनिक


२३ जानेवारी

अहो,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र वाचलं आणि शाळेच्या शर्टांना उलट्या बाजूला काजं पाडून ठेवली. आता ती उसवत बसले आहे, तेव्हा माझ्या शब्दांना धार असली तर समजून घ्या.

मला हा व्यवहार नीट समजावून सांगा बरं. विरह नव्हता तेव्हा सरकारने आपल्याला विरहाचे पैसे दिले. आता ते फेडायला तुम्ही दोन वर्षांचा विरह आणखी विकत घेणार. धन्य आहे तुमची!

या सगळ्याच्या मुळाशी माझी ट्रंक आहे, हे मला कळतंय. आले होते चार दिवसांसाठी. मामंजी इकडे एकटे, दुकानात किल्ल्या घासत बसले की त्यांना जेवणाची शुद्ध नसते. म्हणून ट्रंक कधी रिकामी केलीच नाही. कपडे वाळले की घडी घालून परत ट्रंकेत. भिंतीवर तुम्ही खास माझ्यासाठी ठोकलेल्या खुंट्या तशाच राहिल्या. शेजारणी हसायच्या. दर रविवारी मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात निघते, आणि नेमकं मामंजींचं पत्र यायचं, की राहा अजून आठ दिवस. पगारबाबू दर महिन्याला तुम्हाला विचारायचे, वहिनी गेल्या का म्हणून. तुम्ही सांगायचात, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. खोटं कोण बोललं यात? पाहुणी आहे म्हणून त्यांनी माझी नोंद केली नाही, झालं.

तेव्हा माफीचा अर्ज करा. तो शब्द टोचत असेल तर डोळे मिटून लिहा. पण सही करू नका. तुमची उशी मी अजून उन्हात घालते. तिच्यावर कोणी झोपत नाही, तरी घालते. मला तुम्ही हवे आहात. लिहून टाकलं एकदाचं, आता हसा खुशाल.

लोभ आहेच, पण तो पत्रातून किती दिवस पुरवायचा ते सांगा.

तुमची,
काजंबटणं


५ फेब्रुवारी

प्रिय अगं,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हसलो नाही. तुझं पत्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय, त्याला आता ग्रीसचा डाग पडला आहे.

अर्ज मागवून घेतला होता. भरायलाही बसलो. त्यात एक रकाना आहे, चूक कोणत्या कर्मचाऱ्याकडून झाली त्याचं नाव लिहा. तिथे माझा हात थांबला. पाहुणी महिन्याहून जास्त राहिली की तिला कुटुंब धरायचं, असा नियम आहे म्हणे. तो बाबूंच्या ध्यानातून निसटला. मी शंकासुर, मी त्यांना तीन-तीनदा विचारलं होतं, हा भत्ता मला बसतो ना? बिनघोर राहा म्हणाले. तुला ताप भरला तेव्हा पावसात सायकल मारत डॉक्टरांना घेऊन आलेला माणूस तो. आता निवृत्त झालाय, पेन्शनीवर जगतोय. त्याच्या म्हातारपणावर मी बोट ठेवू का? माझ्याने होणार नाही.

म्हणून सही करतो. दोन वर्षं काय, बघता बघता जातील असं लिहिणार होतो, पण माझी थाप तुला लांबूनही ओळखू येते. जाणार नाहीत. इथे थंडीत तेल घट्ट होतं, गाडी सुरू करण्यात सकाळ जाते. ते बरं असतं. दुपार मात्र संपत नाही. तेलाच्या डब्याचं झाकण उघडलं की तुझ्या मशीनचा वास येतो, आणि मग मी उगाच डबा उघडा ठेवतो.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस. इथे दुसरं ऊबदार काही नाही.

तुझा,
मेकॅनिक


१८ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

अ. उ. आ. वि. वि. सूनबाई लिहिणार होती, पण तिने दोन कागद फाडले, म्हणून मीच लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही. मुद्द्याचं तेवढं वाच.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने तुझ्या पगारबाबूच्या गावाला गेलो. त्याने कोंबड्या पाळल्यात. संध्याकाळी त्यांची हजेरी घेतो, गैरहजर राहणारीला दम भरतो. सूनबाईने सगळं सांगितलं. तो ठसका लागेपर्यंत हसला. म्हणाला, वहिनी स्वतः माझ्या तोंडावर सांगायच्या, रविवारी निघते म्हणून, आणि मी दर वेळी विश्वास ठेवला. मग चष्मा पुसून म्हणाला की पोराने मला तीनदा विचारलं होतं, चूक सर्वस्वी माझी. तुझ्यावर मात्र तो चिडलाय. माझ्यासाठी हा गडी बर्फात बसणार आणि मी इथे अंडी खाणार, असं कसं चालेल म्हणाला. पेन्शनीला धक्का लागत नाही, फार तर ताकीद येईल, आणि ताकिदी त्याच्याकडे आधीच्याही आहेत. त्याने जबाब लिहून सही करून दिलाय. सोबत पाठवतोय. अर्जात त्याचं नाव ठळक लिही, असा निरोप आहे.

आता माझं. राहा अजून आठ दिवस असं मी तिला लिहायचो, तेव्हा मला इथे मजा वाटत होती असं समजू नकोस. भात करपायचा, बोलायला कोणी नसायचं. तरी लिहायचो, कारण तिच्या तिकडच्या पत्रांत हसू असायचं. ती परत आल्यापासून घर लखलखीत आहे, जेवण वेळेवर आहे, आणि ते हसू नाही. जन्मभर लोकांची अडलेली कुलपं उघडली, इथे माझी एकही किल्ली लागत नाही. सही करू नकोस. ये.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडा दमही आहे.

तुझा,
बाप


११ एप्रिल

प्रिय अगं,

अनेक आशीर्वाद. वि. वि. शेवटच्या दिवशी साहेबांनी सहीचा कागद पुढे केला. मी नाही म्हणालो आणि अर्ज दिला, बाबूंचं नाव ठळक लिहून. त्यानंतर तुला मुद्दामच काही कळवलं नाही. अर्ज फेटाळला असता तर पुढची कित्येक वर्षं निम्मा पगार कापला गेला असता. ती भीती तुला इथून पाठवायची नव्हती.

आज साहेब स्वतः गॅरेजमध्ये आले. मी गाडीखाली होतो, त्यांनी तिथेच वाकून वाचून दाखवलं की सदर रक्कम वसूल करण्यात येऊ नये. मी बराच वेळ बाहेर आलो नाही. साहेबांना वाटलं, नट अडकलाय. बाबूंना नुसती ताकीद मिळाली आहे.

बदलीही आली. खाली, छावणीत, दोन खोल्यांचं क्वार्टर, नळ घरात. पगाराला आता एक तरुण बाई आहेत, फार काटेकोर. त्यांनी आधीच फॉर्म दिलाय, सोबत कोण राहणार आणि किती दिवस. तो मी कोराच ठेवलाय. बाबा दुकान सोडून येतील का, हे विचारायचा धीर मला होत नाही. ते आले नाहीत तर तू पुन्हा ट्रंक न उघडता राहशील, मला माहीत आहे. तशी आलीस तरी चालवून घेईन, पण मला तशी नको आहेस.

लोभ किती साठलाय ते मोजू नकोस, सगळा घेऊन ये.

तुझा,
मेकॅनिक


२५ एप्रिल

अहो,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि पोस्टमनसमोर रडले. तो बिचारा घाबरून पाणी मागायला शेजारी गेला.

मामंजींना विचारलं. दोन दिवस नुसती कानस चालू होती. मला वाटलं, संपलं. मी आपली गुपचूप ट्रंक काढली आणि नेहमीसारखे चारच कपडे भरले. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून खडखडाट ऐकू आला. जाऊन पाहते तर पाटी उतरवलेली, आणि मामंजी माझी ट्रंक घेऊन बसलेले. कपडे बाहेर काढून गाठोड्यात बांधले होते आणि ट्रंकेत त्यांच्या कानशी, किल्ली धरायचा शेगडा, किल्ल्यांचे जुडगे. कुलूप आणि कोयंडा दोन्ही उपटून टाकलेले. म्हणाले, आता हा हत्यारांचा डबा झाला, तुझे कपडे तिकडे खुंटीवर टांगायचे.

पाठमोरेच राहून ते पुढे म्हणाले, की मी आपला चार दिवसांसाठी येतो.

अहो, हे वाचताक्षणी उठा आणि त्या बाईंकडे जा. फॉर्ममध्ये लिहा की सोबत माणसं दोन, मी आणि मामंजी, मुक्काम कायमचा. म्हातारे कायमचे कसे असं त्यांनी विचारलं तर सांगा, आमच्या घरात चार दिवस म्हणणाऱ्यावर सरकारने पुन्हा विश्वास ठेवू नये.

खुंट्या ठोकून ठेवा, एक मामंजींच्या कोटासाठीही. लोभ असू द्या असं या वेळी लिहीत नाही, समोर येऊन मागून घेईन.

तुमची,
आता पाहुणी नसलेली