रेघेवर की चौकडीवर

ओबान,
१४ मार्च

प्रिय इशबेल,

तू खुशाल असशील. आम्हीही ठीक. वारा थांबायचं नाव घेत नाही, बेटांकडे जाणारी बोट काल पुन्हा रद्द झाली, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी जीन माझ्या लापशीत मीठच घालते. साखर मागितली की बघते अशी, जणू मी चर्चमध्ये शिवी दिली.

सोबतचं पार्सल तू उघडलं असशीलच. पत्र आधी वाचण्याइतका धीर तुला कधी होता? हो, तोच चौकडीचा किल्ट, तू शिवलेला. परत पाठवतोय म्हणून रागावू नकोस, निदान पान उलटेपर्यंत.

जूनच्या पहिल्या शनिवारी कट्रीनाचं लग्न आहे. पत्रिका येईलच, पण तुला आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. लेकीचा हात धरून मीच तिला चर्चमध्ये नेणार. म्हणून किल्ट पेटीतून काढला, तर बकलं शेवटच्या भोकात घालूनही तो खाली घसरला. जीन हसली आणि मग हसायची थांबली.

इथे गिलख्रिस्टबाई किल्ट शिवतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला, चष्मा लावून आतले टाके बघितले आणि विचारलं, "ही अलापूलच्या इशबेलची शिलाई ना?" मी म्हटलं, हो, माझी थोरली बहीण.

"आहे ना ती?"

"आहे तर. चांगली ठणठणीत."

"मग मी उसवणार नाही. शिवणारी हयात असताना तिच्या टाक्याला दुसरीने कात्री लावायची नसते. तिच्याकडेच पाठवा."

मी म्हटलं, निदान माप तेवढं घ्या. टेप माझ्या कमरेभोवती फिरवून त्यांनी आकडा दोनदा वाचला. "पथ्य केलंत की डॉक्टर?"

"डॉक्टर," मी म्हणालो. घराबाहेर हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून गेला. बाईंनी आकडा चिठ्ठीवर उतरवला. मापाची चिठ्ठी किल्टच्या कमरेला टाचली आहे, ती बघून घाबरू नकोस. आता बसून वाच.

गेल्या दोन वर्षअखेरींना आम्ही तुझ्याकडे आलो नाही. फोनवर मी कामाची सबब सांगत राहिलो. तुला वाटलं असणार, हा अजून त्या चुण्यांचाच राग धरून बसलाय. हा किल्ट शिवलास तेव्हा मी बँडमध्ये बॅगपाइप वाजवायचो आणि मला मागच्या चुण्या रेघेवर हव्या होत्या, प्रत्येक चुणीवर तीच तांबडी रेघ, बँडमधल्या सगळ्यांसारखी. तुला चौकडीवर घालायच्या होत्या, बाबांच्या किल्टसारख्या, म्हणजे मागेही चौकडी पुढच्यासारखी अखंड जुळते. शिवलास माझ्या मनासारखा, पण हातात देताना म्हणालीस, "घे. मागून बघितलं तर आता तू बँडचा, आमचा नाहीस." लागलं मला. एक हिवाळाभर फुगून बसलो, मग विसरलो. जास्त दिवस राग धरायचा तर तेवढी चिकाटी लागते, ती सगळी तुझ्या वाट्याला आली.

खरं कारण वेगळं होतं. मला आतड्याचा कॅन्सर झाला होता, इशबेल. आईला झाला तोच.

आईला तू उचललंस, धुतलंस, शेवटी चमच्याने पाणी पाजलंस. मी खोलीच्या दारात उभा राहून तुझे हात बघत होतो. ते हात पुन्हा त्याच कामाला लावायचे नव्हते. कळवलं असतं तर तू दुकान बंद करून आली असतीस, म्हणूनच कळवलं नाही. यावरून जीनने मला रोज टोचलं. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. लग्नात भेटलीस की म्हण, मी ऐकून घेईन.

सोमवारी ग्लासगोच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या बघितल्या आणि म्हणाल्या, काही उरलेलं नाही, आता वर्षाने तोंड दाखवा. जीन गाडीत बसून पोटभर रडली. मग आम्ही तळलेला मासा आणि बटाटे घेतले, आणि कित्येक महिन्यांनी मला खाण्याची चव लागली. तिच्या वाट्याचेही मीच खाल्ले. सुटलो गं. छातीवरचा धोंडा उतरला.

तर चुण्यांचं. गिलख्रिस्टबाई म्हणाल्या, चिठ्ठीवर काय लिहू, पुन्हा रेघेवरच ना? मी म्हटलं, ते बहिणीला मीच कळवतो. दारापासून पाळकांपर्यंत जाताना मुलीच्या बापाचं तोंड कुणाला दिसतं? बाकांवर बसलेल्यांना त्याची पाठच दिसते. त्या बाकांवर तू असशील. चौकडीवर घाल.

एकच विनंती. चिठ्ठीतल्या मापावर नेमका बेतू नकोस. आतल्या घडीत कापड भरपूर ठेव आणि बकलं सरकवता येतील अशी लाव. मी पुन्हा जाड होणार आहे.

मागून बघितलं तरी तुमचाच,
लॉकलन