तिसरी हाक

३ मार्च १९५५
अखेर स्वतःची जागा. पार्ल्यात, तळमजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी चाफा. तीस वर्षं वांद्र्याच्या शाळेत मुलींची हजेरी घेतली; आता माझी हजेरी घेणारं कोणी नाही. खिडकीत बसून निवांत चहा प्यायले. साखर तीन चमचे. कोण विचारतंय?

शेजारच्या शेवंतीबाई मालवणच्या. वाटीभर तांदळाच्या पिठाची गोड बोरं तळून घेऊन आल्या. बाई मायाळू, फक्त जिभेला सुट्टी नाही.

७ मार्च
शेवंतीबाईंनी बजावलं, भरदुपारी कोणी हाक मारली तर "पयल्या हाकेक ओ देव नकात." एक बाई म्हणे घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत हिंडते. आपल्याच माणसाच्या आवाजात दोनदा हाक मारते. ओ दिली की माणूस गेलं. तिसरी हाक तिला जमत नाही. पाहिलंय कोणी? तर मुलुंडच्या मेहुण्याच्या शेजारणीने. घाटकोपरला ती हिरव्या लुगड्यात असते, मुलुंडला पांढऱ्या. मी म्हटलं, भुताचं कपाट बरंच मोठं दिसतंय. त्या रुसल्या.

१२ मार्च
अख्खी इमारत तिसऱ्या हाकेला ओ देते. पोस्टमन दारोदार घसा फोडतो. आज सगळ्या बायकांना सुनावलं, की कॉन्व्हेंटात आम्ही पहिल्या हाकेला उभ्या राहायचो. सुनावताना आवाज फुटला. का, ते कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

मी अकरा वर्षांची, धाकटी वसुधा सहा. अंधेरीची आमची वाडी, भरदुपार. मागून हाक आली, अक्का. पुन्हा, अक्का गं. मी उठले होते. आजीने मनगट धरलं, म्हणाली, तिसरी येऊ दे. आम्ही दोघी तिसरीची वाट बघत बसलो.

विहिरीच्या काठावर तिची भातुकली तशीच मांडलेली होती.

१९ मार्च
दुपारी दोन वाजता, मागच्या अंगणातून. अक्का.

मला अक्का म्हणणारं कोणी जिवंत नाही.

२० मार्च
आज दोनदा. दुसऱ्या हाकेतला "गं" लांबवलेला, ती लांबवायची तसाच. शेवंतीबाईंनाही ऐकू आलं. धावत येऊन माझं मनगट धरून बसल्या. रडत म्हणत होत्या, ती तुमची नाही, बाई. मी हात सोडवला नाही. पुन्हा सोडवला नाही.

२२ मार्च
तिसरी येत नाही. तेव्हाही आली नव्हती. बुडणाऱ्या लेकराला तिसऱ्या हाकेपुरता श्वास कुठून—

आजीला हे कळलं नसेल? मला कळायला हवं होतं. मी उठले होते—

२३ मार्च
पुढचं दार आतून लावलंय. शेवंतीबाई बाहेरून थापा मारतायत, शिव्याही देतायत. चांगली बाई. मागचं दार उघडं ठेवलंय.

ती नसेल तर नसो. आवाज तिचा आहे. सत्तेचाळीस वर्षं ती—

दोन वाजले.

अक्का.

दुसरीची वाट बघणार नाही. ओ, वसू. ओ. आले गं, हात वर कर, आले—