दादाच्या खुर्चीवर

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनच केला असता, पण तुझ्या शेजारी बाबा कान लावून बसलेले असतात, आणि हे त्यांच्या देखत बोलण्यासारखं नाही. दादा वारल्यावर त्यांनी तुझं-माझं लग्न ठरवलं, मी एका दमात हो म्हणालो, आणि तू म्हणे ‘जसं तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून आत निघून गेलीस. सगळ्यांना बरं वाटलं. आईला रडू आलं, पण तेही बरं वाटल्याचंच, असं बाबा म्हणाले.

इथे आमच्या धुलाईच्या कारखान्यात हॉस्पिटलच्या चादरी येतात. चादरीची घडी घालायला दोघं लागतात. दोन टोकं धरायची, ताणायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. माझ्यासमोर दादा असायचा. आता दुसराच कुणी असतो, पण समोरून चालत येणारा माणूस चादरीआड असतो तोवर मला दरवेळी वाटतं, दादाच येतोय. मुकादम त्याला मोठा आणि मला छोटा म्हणायचा. दादा गेल्यावर त्याने मला दादाचंच कपाट दिलं, त्याचाच एप्रन दिला, आणि आता तो मलाच मोठा म्हणतो. मीही ओ देतो.

तू मला भिंगरी म्हणतेस ते काही खोटं नाही. दुपारच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसतात आणि मी रस्त्यावर फिरत असतो. परवा असाच कोपऱ्यावरच्या बर्गरच्या हॉटेलात शिरलो. साधंच आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या, तळणाचा वास, गल्ल्यावर टोपी घातलेला म्हातारा मालक. दादा मला तिथे पाय टाकू देत नव्हता. बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेशील म्हणायचा.

मी तोंड उघडायच्या आत मालक ओळखीचं हसला. बऱ्याच दिवसांनी आलात म्हणाला, आणि आत ओरडून सांगितलं, नेहमीचं, कांदा नको. वहिनी, त्याला मी दादाच वाटलो. म्हणजे मला उपदेश करून स्वारी चोरून इथे जेवायची! आणि कांदा नको? घरी ताटात कांदा नसला की रुसून बसणारा माणूस तो. मी तो नव्हे, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी मी मान हलवली आणि मालकाने दाखवलेल्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलो.

बर्गर दोन्ही हातांनी धरावा लागतो. पाव दाबला की आतलं सगळं मागून निसटतं. मी आयुष्यात पहिल्यांदा खात होतो, तरी एक थेंब सांडला नाही. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी डाव्या गालाने चावतोय, दादासारखा. भिंतीला चकचकीत पत्रा ठोकलेला आहे. त्यात तो जेवत होता. खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. तेवढा वेळ दादा गेलेलाच नव्हता. फक्त मी कुठे दिसत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, मग रोजच. मालक येता-जाता चौकशी करायचा. बायको बरी आहे ना, तिची दाढ दुखायची थांबली का, शिवणाचं मशीन दुरुस्त झालं का. दादाने त्याला तुझं सगळं सांगितलेलं. मी म्हणालो, बरी आहे. ते शब्द तोंडातून गेले आणि मी अर्धा बर्गर तसाच ठेवून उठलो.

काल मी खुर्चीकडे गेलोच नाही. गल्ल्यापाशी थांबलो आणि म्हणालो, “तो माझा भाऊ होता. तो गेला.” वहिनी, इतक्या महिन्यांत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. जे सांगायचं ते मुकादमाने सांगितलं, बाबांनी सांगितलं. मालकाने टोपी काढली. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्यातून दादाला जरा जरा बाजूला करत असल्यासारखा. मग हळूच म्हणाला, “मग तुला काय देऊ?” मागे रांग लागलेली. मी भिंतीवरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तसाच उपाशी बाहेर आलो.

म्हणून हे पत्र. मी हो म्हणालो, कारण मोठ्याच्या जागी कुणीतरी बसलं की घर पुन्हा पहिल्यासारखं होईल असं वाटलं. पण तू रोज वाढायला वाकशील तेव्हा माझ्या चेहऱ्यात आधी त्याला शोधशील, मग मला बघशील. मला ते चालेल, आवडेलसुद्धा, आणि त्याचीच मला भीती वाटते. रविवारी मी बाबांना फोन करून नाही म्हणून सांगणार आहे. मोडलं ते मी मोडलं, शिव्या मी खाईन, तुला कुणी एक शब्द बोलायचा नाही. तू शिवणाचं दुकान काढ, माहेरी जा, दुसरं कुणी आवडलं तर त्याच्याशी लग्न कर, नाहीतर कुणीच नको म्हण. तुझं तू ठरव. आणि पुढे कधीतरी, पुष्कळ दिवसांनी, तुला माझी आठवण आली, त्याची नाही, माझी, तर तेवढं कळव. नाही आली तर पत्र टाकू नकोस. मी समजून घेईन.

तुझाच,
भिंगरी