बायजाआत्याचं पॅकेज

नौपाडा, ठाणे
आत्याच्या बाराव्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप धाकूदादा,

देवरामचा वाकून नमस्कार. (तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. त्याने तुला पुन्हा मांडी घालू द्यावी, एवढीच त्याला विनंती.) कल्याणला वहिनी आणि मुलं-नातवंडं खुशाल असतील असं धरून चालतो. वर 'श्री' का घातलेला नाही ते तू जाणतोस. बायजाआत्या गेल्याचं तिच्या नातवाने, नयनने, तुला फोनवर कळवलं, पण तिला पोचवताना काय काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तुझ्या-माझ्या बापांची ती शेवटची बहीण. डॉक्टरने तुला बाळकुमला येऊ दिलं नाही, तरी सगळं कळायला हवंच.

आत्या नातवाकडे, त्या टॉवरमध्ये राहायची हे तुला माहीतच आहे. म्हणजे आपल्याच भातखाचराच्या बरोबर वर, हवेत. बाल्कनीत बसून ती खाली बोट दाखवायची. जिथे आता पोहण्याचा तलाव आहे तिथे विहीर, जिथे मुलं स्केटिंग करतात तिथे खळं. (एकदा तिने एका भाडेकरूला त्याची मोटार आमच्या म्हशीच्या जागेवर उभी आहे असं सांगून पार घाबरवलेलं.) सकाळचा चहा पिता पिता गेली, कप हातातच होता. गाडीतून न्यायचं नाही ही तिची एकच मागणी, दहा वर्षं सगळ्यांना सांगत आलेली. 'मना गारीन घालू नका. मी काय भाजी हाय? खांद्यावरनं न्या, गावदेवीवरनं न्या.' जन्मभर डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाळकुम ते ठाणा मार्केट चालली ती बाई. टेम्पोला तिने कधी पाटी दिली नाही, स्वतःला कुठली देणार?

मी आणि शेवंती रिक्षाने पोचलो तेव्हा दारात पांढऱ्या टी-शर्टातली माणसं उभी. पाठीवर पणतीचं चित्र आणि त्याखाली फोन नंबर, म्हणजे अंत्ययात्रेत मागून चालणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर जाहिरात. नयनने मोबाइलवरून कंपनी बोलावलेली. पोराचा दोष नाही दादा. आई-बाप लहानपणी गेलेले, मयताचं सामान कुठे मिळतं ते त्याला कोण सांगणार? त्याने 'सुवर्ण पॅकेज' घेतलेलं. मी विचारलं, सुवर्णच का रे? तर डोळे पुसत म्हणाला, 'काका, खाली रौप्य होतं, पण ते दाबलं असतं तर आजीचा अपमान केल्यासारखं वाटलं असतं.' बघ, धंदा कुठे चालतो ते. रडणारा माणूस भाव करत नाही.

पॅकेजात काय नव्हतं? एसी गाडी, झेंडूची कमान, गुरुजी, स्पीकरवर मंत्र, आत्याचा फोटो (तिच्या सुरकुत्या संगणकाने पुसून तिला कुठल्याशा सासू-सुनेच्या मालिकेतली केलेली) आणि शेवटी एक ओळ: 'खांदेकरी, चार.' दादा, माझं डोकंच फिरलं. खांदे भाड्याने! आपल्या गावात कुणी गेलं की सांगावं लागायचं नाही. कोणी बेटातून बांबू तोडून आणी, कोणी मडकं, शेजारणी त्या घरच्या पोरांना नेऊन जेवू घालत. मिठागरावरची माणसं काम टाकून थेट बांधावर येऊन उभी राहत. तुझ्या बापाला नेलं तेव्हा खांदा मिळावा म्हणून भांडणं झालेली, आठवतं?

मग मी प्रीतमला गाठलं. प्रीतम म्हणजे कंपनीचा मुख्य माणूस, केसांना जेल, आवाज मात्र मयताला शोभेल असा. म्हटलं, आम्हाला तिरडीचं सामान तेवढं द्या, बाकी उतरवा. तो म्हणाला, 'काका, पॅकेज फुटत नाही.' तुला माहीतच आहे, निवृत्त झाल्यावर मी नौपाड्यात ग्राहक हक्कांच्या वर्गाला जायचो. (शेवंतीच्या मते तिथे चहा फुकट असे म्हणून.) ते सगळं ज्ञान इतकी वर्षं एका बिघडलेल्या मिक्सरवरच वापरून झालेलं, ते उसळून वर आलं. एक वस्तू हवी तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, प्रत्येक गोष्टीचा वेगळा दर आधी सांगा, पक्कं बिल द्या, नाहीतर आत्ता हेल्पलाइनला फोन लावतो! प्रीतमने त्याच्या क्षिप्रा मॅडमना फोन जोडला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, 'काका, या क्षणी वाद नको, आजींच्या आत्म्याला त्रास होईल.' मी म्हटलं, 'मॅडम, या बाईने मेथीच्या एका जुडीसाठी अर्धा तास भाव केलाय. तिचा आत्मा आता कुठे खूश होतोय!' मग कमान गेली, स्पीकर गेला, खांदेकरीही गेले. गाडीसुद्धा वगळली. जिन्यात जमलेल्यांतल्या एका गृहस्थाने तेवढ्यात माझ्या कानात आपल्या फ्रिजची तक्रार सांगून घेतली.

एवढा जिंकलो आणि पुढे फजिती झाली. तिरडीच्या पुढच्या बाजूला मी आणि नयन, मागे गावातले दोन म्हातारे. नयन सहा फुटी, मी हा असा. त्यामुळे आत्या सारखी माझ्या बाजूला कलायची, काहीतरी कानात सांगायचं असल्यासारखी. नाल्यापर्यंत गेलो आणि माझी छाती भात्यासारखी हलायला लागली. मागचा म्हातारा तर 'राम' म्हणता म्हणता 'रा'वरच थांबायचा. मी खांदा बदलायला इकडे तिकडे बघितलं. पूर्वी न बघता माणूस खाली शिरायचा. आता दुकानात माणसं होती, रिक्षात होती, हात जोडून बाजूला होत होती, पण पुढे कुणी आलं नाही. त्यांना आत्या कोण ते तरी कुठे ठाऊक? कंपनीची गाडी परत जायला म्हणून त्याच रस्त्याने मागून येत होती. मी मान खाली घालून प्रीतमला खुणावलं. तो खरंच ओशाळून म्हणाला, 'काका, तो आयटम तुम्हीच कॅन्सल केलाय. आता मॅडमना विचारावं लागेल.'

आणि तो विचारत असताना मागून शेवंती आली. बायका गावदेवीपर्यंतच येणार होत्या, तिथून मागे फिरायचं असं ठरलेलं. तिने पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली, 'सरा तुमी बाजूला. भाताचं भारं न्यायची मी डोक्यावर, आत्या काय तेवढी भारी नाय.' नयनची बायको ऋतिका ऑफिसच्या कपड्यांतच होती, ती दुसऱ्या बाजूला शिरली. मागे आत्याबरोबर बाजारात बसणारी रंगूबाई आणि तिची सून. एक म्हातारा 'अगं, पण बायका...' म्हणाला, रंगूबाईने नुसतं वळून बघितलं.

दादा, मग आत्या सरळ झाली. एक हिंदकळा नाही. माना ताठ, पावलं एकसारखी, बाजाराला निघालेल्या बायकांची ती चाल आपण लहानपणी बांधावरून रोज बघायचो ना, अगदी तीच. नयन मडकं धरून पुढे झाला, मी मागून चाललो आणि मला एकदम लक्षात आलं, मी ज्या जुन्या गावासाठी सकाळपासून भांडत होतो त्यात खांदे फक्त पुरुषांचे धरले होते. गावदेवीला त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि कुणीही मागे फिरलं नाही. थेट स्मशानापर्यंत.

नयनने अग्नी दिला. मी तिथेच कठड्यावर बसून खूप रडलो. लाज वाटली नाही.

प्रकृतीला जप, व्यायाम टाळू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
देवराम

ता. क. पत्र शेवंतीने वाचलं. तिचं म्हणणं, मी नाल्यापर्यंत पोचलोच नव्हतो, सोसायटीच्या फाटकापाशीच मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवावं लागलं. खरी माहिती मिळणं हा तुझाही हक्क, म्हणून कळवलं. फ्रिजवाले गृहस्थ मात्र रोज फोन करतात.

ता. क. दुसरं. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. आत्या मला 'देव्या' म्हणायची. बाकी सगळ्यांचा मी काका, आजोबा नाहीतर सर. आता 'देव्या' म्हणणारा तू एकटाच उरलास. दिवाळीपर्यंत गुडघा बरा कर आणि आमच्याकडे येऊन राहा. आणि तोवर, जमेल तेव्हा, फोन करून एकदा हाक मार.