चार ओळींची जागा

बोस्टन, मार्च १७७०

प्रिय मेहिटाबेलताई,

इथं अजून बर्फ आहे. छापखान्यातली शाईसुद्धा गोठते. पण ते राहू दे.

तू लिहिलंस, "आमोसदाजींच्या अंगावर डांबर ओतणारे मला माहीत आहेत. ज्या बातमीमुळे हे झालं, ती पेपरात कुणी लिहिली, एवढं शोध. मूळ कागद मिळाला तर अक्षरावरून सापडेल."

ताई, कागद नाहीच. त्या दिवशी पानात चार ओळींची जागा उरली. मालक ओरडले, "अरे भटक्या, भर काहीतरी! कोरं पान विकू का?" खानावळीत एक खलाशी बरळला होता, की करामुळे सगळ्या गावानं बहिष्कार घातलेला इंग्रजी चहा दाजींच्या तळघरात दडवलाय. मी कागदावर न उतरवताच थेट छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. चार ओळी कोण वाचतंय, असं वाटलं. दाजींनी मला घराबाहेर काढलं होतं, तेही मनात असेल.

सोमवारी तोच खलाशी खानावळीत मोठ्यानं वाचत होता, "बघा, छापून आलंय! म्हणजे खरंच होतं की!"

पुढच्या अंकात मी ‘ती बातमी खोटी’ असं छापलं. ते कुणी वाचून दाखवलं नाही.

तू शोधतेस ते अक्षर फक्त या पत्रात आहे. ही ओळ आज जोडतोय: तीन दिवस झाले, पत्र अजून माझ्या खिशातच आहे.

तुझाच,
ईबेन