ट्रॅक्टरमागची बाई

३ नोव्हेंबर
कडेगावात पोचलो. जोतीरामच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरचं काम. खोली हवेशीर, चहा फक्कड, मालक अघळपघळ. पुण्यात फॅशनचे फोटो केलेला मी, आणि इथे नुसत्या मिशा आणि ट्रॅक्टर! फोटो हलला तरी ‘लय भारी’ म्हणणारी जमात. शार्प म्हणजे काय, ते आता यांना मीच दाखवीन.

५ नोव्हेंबर
लालासाहेब नावाचे ऊसवाले बागायतदार आले. दसऱ्याला नव्या ट्रॅक्टरची पूजा केली, तेव्हाचा मोबाइलवरचा फोटो भिंतभर मोठा हवाय. “मिशा कशा तलवारीगत दिसल्या पायजेत,” म्हणाले. हसू दाबलं. हार, नारळ, टायरची नक्षी, सगळं शार्पन केलं. ट्रॅक्टरमागे धुरकट डाग होता, त्यातून बाईचा चेहरा निघाला. आहे का या तालुक्यात कोणाची छाती?

६ नोव्हेंबर
प्रिंट पाहून लालासाहेब पांढरेफटक. तिला आत्ताच्या आत्ता पुसा म्हणाले. ते गेल्यावर जोतीरामने दबक्या आवाजात सांगितलं, ही त्यांची सून शिवांजली. नवरा जयराज फौजेत. श्रावणात ती विहिरीत सापडली.
म्हणजे मेलेली बाई दसऱ्याच्या पूजेला आली! शेजारीपाजारी कोणी असेल. खेडवळ भुताटकी, दुसरं काय.

७ नोव्हेंबर
पुसण्याआधी मोठं करून पाहिलं. केस ओले. गळ्यावर बोटांचे वळ, स्पष्ट. जोतीराम म्हणाला, जयराजला कळवू. मी म्हटलं, असल्यांच्या घरगुती भानगडीत कोण पडतो? पुसली. तिच्या जागी ऊस लावला. बेमालूम.

८ नोव्हेंबर
फाइल उघडली. ती परत आलीय. ट्रॅक्टरच्या अलीकडे. मी हात लावला नव्हता— पुन्हा पुसली.

१० नोव्हेंबर
आता लालासाहेबांच्या मागे. हात त्यांच्या खांद्यावर. पुसली जात नाही.

११ नोव्हेंबर
लालासाहेब गेले. त्याच विहिरीत—

१३ नोव्हेंबर
जयराज आला. वडिलांचा फोटो हवा, हार घालायला. तोच उघडला. लालासाहेब चिंब भिजलेले. ती कुठेच नाही. जोतीराम त्याच्याशी काही बोलला असावा. त्याने विचारलं, माझी बायको होती का यात?
मी नाही म्हटलं.

१४ नोव्हेंबर
भरदुपार. जोतीराम जेवायला गेलाय. काउंटरशी कोणी बाई. फरशीवर पाणी. चष्मा काढला— दुकान, रस्ता, माझीच बोटं, सगळं धूसर. तिचा चेहरा तेवढा— एकेक पापणी—
म्हणतेय, पुसणारं तुमीच न्हवं?
म्हणतेय, जरा मान वर करा, गळा—